मैकूचं नाव

गेल्या आठवड्यात गोल्फ क्लबाकडून एक जाडजूड पत्रिका आली. सोनेरी कडा, गुळगुळीत पाकीट, उघडण्याआधी हात धुऊन घ्यावेत अशी. क्लबाचा 'विरासत कक्ष', म्हणजे जुन्या वस्तूंची खोली, नव्या रूपात उघडतोय, कोणी बडे साहेब फीत कापणार, मग चहापान. मदतनिसांच्या कुठल्यातरी जुन्या यादीत माझं नाव राहून गेलं असणार, नाहीतर बँकेत खुर्ची झिजवणाऱ्या बाईला असली पत्रिका कोण पाठवतंय! चष्मा लावून मी ती दोनदा वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सजावटकार, दिवे बसवणारी कंपनी, सगळ्यांचे आभार मानले होते. इंगळे सरांचं नाव कुठेच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मम्मी, इतनी देर से किसका नाम ढूँढ रही हो?"

"एका हट्टी माणसाचं," म्हटलं.

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतूनच येतं. "अच्छा, वो अकोला वाले अंकल," म्हणाली आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरली.

हो, तेच. डॉक्टर देवीदास इंगळे. मूळ अकोल्याचे, पण उभं आयुष्य लखनौत काढलेलं, औषधं शोधणाऱ्या सरकारी संस्थेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून. निवृत्त झाल्यावर वृंदावन योजना या वसाहतीत आमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत होत नाही अशा गोष्टी जगात फार थोड्या आहेत. उंच, वाळलेले, भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी ठेवायचे. जुन्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही, घामानं धातू खराब होतो म्हणे.

आमची ओळखच भांडणानं झाली. इथल्या मराठी मंडळींचा गणपती असतो. बँकवाले, प्राध्यापक, संशोधक, कंपनीवाले, सगळे दहा दिवस एकमेकांच्या जिल्ह्याची टिंगल करत गोड खातात. मी मंडळाची समई घासत बसले होते, चिंच आणि मीठ लावून, आमच्या कोल्हापूरच्या पद्धतीनं, अगदी दातओठ खाऊन. मागून आवाज आला, "काहून मारून राहिल्या तिले?"

मी वळून बघितलं. "मारत नाहीये, घासतेय."

"तेच ते. दरवेळी घासलं का थोडी समई मोरीत वाहून जाते, बाप्पा. जुनी वस्तू आहे. अर्धी तर तुमच्यासारख्यायनंच खाल्ली तिची."

"मग काय देवापुढं काळीकुट्ट ठेवू?"

"देवाले चालते. तुम्हाले नाही चालत."

काय आगाऊ माणूस आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आणि पुढच्याच रविवारी त्या आगाऊ माणसाला गाडीत घालून क्लबात घेऊन गेले. त्यांचे गुडघे गेले होते, गाडी चालवणं बंद झालं होतं, आणि लेबलं लिहायला बरं अक्षर असलेलं माणूस त्यांना हवं होतं. माझं अक्षर चांगलं आहे, हे मंडळाच्या फळ्यावर बघून त्यांनी हेरलं होतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस मला आधीपासूनच, त्यामुळे 'नाही' म्हणायचं सुचलं नाही.

गोल्फ मला आजतागायत कळलेला नाही. एवढुशा चेंडूसाठी एवढं रान अडवायचं, ही चैन माझ्या डोक्यात शिरत नाही. सरांनाही तो खेळता येत नसे. संस्थेमुळे सभासदत्व मिळालं, पण त्यांचा चेंडू कायम झुडपात. चेंडू शोधता शोधता ते पिशव्या वाहणाऱ्या कॅडींशी गप्पा मारत, आणि त्या गप्पांतून त्यांना कळलं, की बारच्या मागं एका कोठीत क्लबाच्या इंग्रजी अमदानीपासूनच्या वस्तू सडत पडल्या आहेत. कप, लाकडी दांड्यांच्या जुन्या काठ्या, वाळवीनं खाल्लेले फोटो, उंदरांनी कुरतडलेल्या सभासदांच्या वह्या. सरांनी समितीला पत्रावर पत्र लिहिलं. कटकट टळावी म्हणून समिती म्हणाली, करा काय करायचं ते. टॉवेल ठेवायच्या खोलीशेजारची एक खोली दिली. नोकरमंडळी तिला 'डॉक्टर साहब का अजायबघर' म्हणायची.

त्या खोलीसाठी हा माणूस काय काय करायचा! एकदा आम्ही क्लबाच्या स्वयंपाकघरामागून जात होतो. तिथला खानसामा माकडं हाकलत होता. इथली माकडं म्हणजे साक्षात दरोडेखोर, तव्यावरची पोळी उचलून नेतील. सर एकदम थबकले. खानसाम्याच्या हातात शंभरेक वर्षांची लाकडी दांड्याची गोल्फची काठी होती. "भैया, ये कहाँ से मिला?" तर म्हणे, हे तर आमच्या आधीच्या खानसाम्याच्या काळापासून माकडांसाठीच आहे. सरांनी ती तिथल्या तिथं मागितली. तो देईना. "फिर बंदर कैसे भगाएँगे साहब?" दुसऱ्या दिवशी सर रिक्षानं जाऊन तेल पाजलेला एक वेळू घेऊन आले, खानसाम्याला दिला, आणि काठी हातमोज्यांनी उचलून घेतली. तिच्या डोक्यावर माकडाचे केस चिकटले होते. सरांनी ते चिमट्यानं काढून एका पुडीत ठेवले आणि मला लेबल लिहायला सांगितलं. मी म्हटलं, "सर, माकडाचंही लेबल?" तर म्हणाले, "काठीचं आयुष्य आहे ते. आपल्याले आवडलं तेवढंच ठेवायचं का?"

लेबलांवरून तर त्यांचं सगळ्यांशी वाजायचं. समितीला वाटे, प्रत्येक कपाखाली कोणा नवाबाचं, कोणा लाटसाहेबाचं नाव असावं, पाहुण्यांना दाखवायला बरं. सभासद घरातली जुनी काठी आणून सांगत, आमच्या आजोबांना अमुक राजेसाहेबांनी भेट दिली. सर ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "कोई काग़ज़? चिट्ठी? फोटो?" नसलं, तर वस्तू ठेवून घेत पण लेबलावर माझ्या हातून लिहून घेत, 'किसकी थी, ज्ञात नहीं।' अशी सतरा-अठरा लेबलं मी लिहिली असतील. क्लबाचे सचिव म्हणजे तिवारीजी, पान खाऊन गोड बोलणारे. ते एकदा खोलीत येऊन सगळी लेबलं वाचून म्हणाले, "डॉक्टर साहब, ये म्यूज़ियम है या मुक़दमा?"

सरांनी मला एक मोठा कागद दिला आणि तीन ओळी लिहून भिंतीवर लावायला सांगितल्या. हिंदी, इंग्रजी, आणि बाकी कोणाला कळत नसताना मराठी. 'पुराव्याशिवाय नाव नाही.' मी ठळक अक्षरात लिहून चौकट करून लावलं.

एवढा हट्ट का, असं एकदा गाडीत विचारलं, तेव्हा सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माहा बाप जिनिंगमध्ये सरकी वाहायचा. हजेरीवर अंगठा. नाव मुकादम लिहायचा, दर महिन्याले निराळं. कधी किसन, कधी किस्ना, कधी दुसऱ्याचंच. मेल्यावर कारखान्यातून कागद आणाले गेलो, तं म्हणे असा कोणी माणूसच नव्हता." मग लगेच म्हणाले, "सिग्नल सुटला, चला." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

म्हणूनच त्यांच्या डोक्यात कॅडींचा फलक आला असावा. क्लबाच्या दिवाणखान्यात सागवानी फलक आहेत, विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरात. वार्षिक समारंभाआधी चौकातला एक रंगारी येऊन नवं नाव चढवतो. त्या सगळ्या फलकांवर साहेब, राजे, कर्नल, उद्योगपती. ज्यांनी त्यांच्या पिशव्या वाहिल्या, त्यांना फटका कुठून मारायचा ते सांगितलं, त्यांच्यातलं एकही नाव नाही. पूर्वी वर्षातून एक दिवस कॅडींचाही सामना व्हायचा, आणि जिंकलेल्याला एक घोंगडी आणि मिठाई मिळायची. कप क्लबातच राहायचा, आणि कपावर कॅडीचं नाव कोरायची पद्धत नव्हती. सरांनी दोन वर्षं पत्रं लिहून कॅडींसाठी एक फलक मंजूर करून घेतला. तिवारीजी हसत म्हणाले, "बना लीजिए। नाम कहाँ से लाएँगे?"

आणि एका रविवारी रामसजीवन आले.

मे महिना होता, दुपारची लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहत होती. ऐंशीच्या पलीकडचे, कमरेत वाकलेले, डोक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. जानकीपुरमच्या पलीकडून, जिथं आता प्लॉटच्या मधेमधे थोडं गाव उरलंय, तिथून ते रिक्षा बदलत आले होते. आयुष्यभर याच क्लबात कॅडी होते. चपला त्यांनी व्हरांड्याच्या पायरीखाली काढल्या. सरांनी खुर्ची दिली तर बसेनात. त्या इमारतीत ते कधी खुर्चीवर बसलेच नव्हते. शेवटी उंबऱ्याशी जमिनीवर बसले आणि सरही गुडघे दुखत असताना त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"साहेब, सुना है कैडी लोगन का बोर्ड बन रहा है," रामसजीवन म्हणाले. "हमार बाबू जीते रहें। मैकू नाम रहा उनका।" म्हणजे त्यांचा बाप कॅडींचा सामना जिंकला होता.

"कोई काग़ज़ है?" सरांनी नेहमीचं विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न तोच.

"काग़ज़ काहे का साहेब। नाम तौ पियाला पे लिखा है। नीचे, पेंदी पे। जो जीतत रहा, बाकी कैडी कील से उसका नाम पेंदी पे लिख देत रहें। पियाला कौन उलटत है? साहेब लोगन को कबहूँ पता न चला।"

जिंकलेल्याचं नाव बाकीचे कॅडी गुपचूप खिळ्यानं कपाच्या तळाशी कोरायचे. मग त्यांनी सांगितलं, की ते लहान असताना बापानं बेअऱ्याला हातापाया पडून कप खिडकीतून बाहेर मागून घेतला होता. उलटा केला, आणि पोराचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. "पढ़ना तौ आवत नाहीं रहा। उँगली से पढ़े रहे।" हे सांगताना म्हाताऱ्याचं बोट आपोआप हवेत फिरत होतं.

सर उठले. कपाटातून कप नंबर तेवीस काढला. कॅडींच्या सामन्याचा तो एकच कप होता, वहीत तशी नोंद होती. पितळेचा, वर मुलामा दिलेला, सगळ्या कपाटात सगळ्यात चकचकीत. त्यांनी तो उलटा केला. मी जवळच उभी होते. तळ आरशासारखा लख्ख होता, त्यात सरांचं नाक दिसत होतं.

रामसजीवन खालून मान उंचावून बघत होते, पण त्यांना धड दिसत नव्हतं. "है न साहेब?"

"जाँच करनी पड़ेगी," सर म्हणाले. "अगले इतवार आइए।"

म्हातारा गेल्यावर सरांनी खण उघडून त्यांची पहिल्या वर्षीची वही काढली. पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवून वही माझ्याकडे सरकवली. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'कप क्र. २३. फार मळलेला. तळाशी अनियमित ओरखडे. बारीक पॉलिश-कागदाने पूर्ण काढले. वर लाखेचा थर दिला. उत्तम.'

"उत्तम," सर म्हणाले. दोनदा म्हणाले.

आमच्या समईवरून मला बोलणारा माणूस पहिल्या वर्षी स्वतः घासत होता. नव्याचे नऊ दिवस. मग पुस्तकं आणवून, वाचून शिकले, की जुन्या वस्तूची चमक वाढवायची नसते. तोवर हाताखालून तीन-चार कप गेले होते. बाकीच्यांचं काही गेलं नव्हतं, चमकले इतकंच. हा एक मात्र गेला होता.

त्यानंतर त्यांना एक खोडच लागली. आमच्याकडे चहाला आले की हातात येईल ते भांडं उलटं करून तळ बघायचे. वाटी, तांब्या, फुलपात्र. आमच्या घरातली भांडी लग्नातली, प्रत्येकावर नाव घातलेलं, कोणी दिलं, कोणाच्या लग्नात दिलं. एकदा माझ्या आत्याच्या नावाची वाटी हातात धरून म्हणाले, "आपल्या घरात चमच्यावरही नाव असते, ताई. भांड्यावर नाव असते, हे मले कोणी शिकवाचं होतं का?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मी आत जाऊन उगीचच गॅस पेटवला.

सर हातावर हात ठेवून बसणाऱ्यातले नव्हते. जुन्या संस्थेतल्या एका माणसाच्या ओळखीनं ते कप घेऊन प्रयोगशाळेत गेले. मला गाडीत समजावून सांगत होते, खिळा दाबला की खालचा धातूही दबतो, वरचं घासून गेलं तरी योग्य आम्ल लावलं तर खालची खूण कधीकधी वर येते. "ठशाचं जमते. ओरखड्याचं अवघड आहे. पण पाहू." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जरा जान होती. संध्याकाळी मी आणायला गेले तर कप फडक्यात गुंडाळून फाटकाशी उभे.

"आलं काही?"

"एक उभी रेघ."

"मग? 'म'मध्ये असते की उभी रेघ!"

"कोणत्या अक्षरात नसते ताई? माह्या नावात चार आहेत."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या सगळ्या प्रकाराचा. म्हटलं, "सर, एक सांगू? एक खिळा घ्या आणि तळाशी मैकू लिहून टाका. म्हातारा खरं सांगतोय हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कोणाचं काय जातंय?"

ते माझ्याकडे वळले. चिडतील असं वाटलं, पण चिडले नाहीत. "तं मंग मैकूचं नाव नाही राहणार त्याच्यावर. माहं अक्षर राहीन."

शेवटी त्यांनी समितीला सविस्तर पत्र लिहिलं. तळाशी ओरखडे होते, ते मीच काढले, ही माझी अक्षम्य चूक आहे, वहीतली नोंद सोबत जोडली आहे, तरी मुलाची साक्ष ग्राह्य धरून मैकू यांचं नाव फलकावर घ्यावं. प्रती मी काढल्या आणि बैठकीत वाटल्या, म्हणून ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

तिवारीजींनी पत्र वाचलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "डॉक्टर साहब, खरोंचें थीं, ये तो आपने लिखा है। क्या लिखा था, ये कहाँ लिखा है?"

"वो नहीं लिखा।"

"तो?"

"बेटा अभी ज़िंदा है। उसने उँगली से पढ़ा है।"

कोणीतरी हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसलं. तिवारीजी म्हणाले, "सर, नियम तो आप ही का है। दीवार पर टँगा है, तीन-तीन भाषाओं में। कितने लोगों को आपने इसी पर लौटाया। अब अपने आदमी के लिए तोड़ दें?"

आपलेच दात, आपलेच ओठ. अध्यक्ष म्हणाले, "अगला विषय, पार्किंग।" चहा आला. फलकाचं लाकूड आणून ठेवलं होतं, ते कोरंच राहिलं.

गाडीत बसल्याबसल्या मी म्हटलं, "निदान रामसजीवनना तरी खरं सांगून टाका. ते बिचारे वाट बघतायत."

"सांगतो. येत्या रविवारी."

तो रविवार आला आणि गेला. असे किती रविवार गेले! म्हातारा यायचा, पायरीखाली चपला काढायचा, उंबऱ्याशी बसायचा. सर त्याला स्वतःच्या हातानं चहा द्यायचे, त्याच्याकडून जुन्या गोष्टी ऐकून वहीत उतरवायचे, आणि शेवटी तो काय झालं म्हणून विचारायचा, "का भवा साहेब?" तर म्हणायचे, "कार्यवाही चल रही है।" जगात कोणालाही तोंडावर 'कागद दाखवा' म्हणणाऱ्या माणसाची इथं मात्र जीभ उचलत नव्हती. म्हातारा म्हणायचा, "कौनो जल्दी नाहीं साहेब।" मला दोघांकडेही बघवत नसे. एकदा मी परतीच्या वाटेवर सरांना फाडफाड बोलले, भित्रे म्हणाले. घर आल्यावर उतरता उतरता सर म्हणाले, "त्याले सांगतलं तं तो दुसऱ्यांदा मरन, ताई. त्याचा बाप." आणि फाटक लावून आत गेले.

थंडी आली. इथलं जानेवारीतलं धुकं म्हणजे समोरचा माणूस खोकला तरच कळतो. दोन रविवार रामसजीवन आले नाहीत. सर दोन्ही रविवारी चहाचा दुसरा पेला मागवून बसले. तिसऱ्या रविवारी फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "वो बूढ़े बाबा? वो तो चले गए साहब। परसों तेरहवीं है।"

सर म्हणाले, "ताई, मले घेऊन चलान का?"

तेरावा मंगळवारी होता. मी रजा टाकली.

त्यानंतर महिन्याभरात सर घर विकून अकोल्याला बहिणीकडे गेले आणि तिथंच वारले. मधे एकदोनदा दारातून दोन शब्द झाले असतील, ते मी धरत नाही. मला सर दिसतात ते त्या दिवशीचे.

गल्लीच्या तोंडाशी कापडी मांडव होता. सतरंज्यांवर पंगत बसली होती, पुरी, बटाट्याची भाजी, काशीफळ. रामसजीवनचा मुलगा, पन्नाशीचा, डोकं भादरलेला, धावत पुढं आला. मी म्हटलं, क्लबातून आलोय, हे डॉक्टर इंगळे. तर त्याचा चेहरा असा उजळला, की मी चपापलेच.

"अरे, यही हैं डॉक्टर साहेब!" तो ओरडून सगळ्यांना सांगायला लागला. "इन्हीं ने हमार आजा का नाम बोर्ड पर चढ़वाया!"

माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं सरांचे दोन्ही हात धरले. सरांना मानाच्या जागी नेऊन बसवलं, पुढं पत्रावळ मांडली, गरम पुरी वाढली. पलीकडे बाजेवर रामसजीवनची बायको बसली होती, एवढीशी, पदरात गुंडाळलेली. ती हात जोडून म्हणाली, "बुढ़ऊ सब बताइन रहें। सोने से लिखा है, मैकू। कहत रहें, अब मरि जाई तौ कौनो बात नाहीं।"

म्हणजे म्हातारा घरी सांगून गेला होता, की नाव चढलं. सगळे रविवार मी तिथंच होते. नावाबद्दल सर त्याला 'कार्यवाही चालू आहे' याखेरीज एक शब्दही बोलले नव्हते.

मी सरांची बाही धरली. "सर, नका. जेवा आणि चला." इतके महिने सांगा सांगा म्हणून डोकं खाणारी मीच, आता नका म्हणत होते.

पण ते बोलले. बसल्या जागेवरून, बाजेकडे बघत, साध्या हिंदीत. "नाम नहीं चढ़ा, माई। प्याले पर लिखा था, वो मैंने घिस दिया। ग़लती से। फिर कमेटी ने नहीं माना। नाम कहीं नहीं है।"

वाढपी बादली घेऊन उभाच राहिला. मुलाच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. त्या बाईला मात्र कळलं. ती हलली, पुढं झुकली, आणि विचारलं, "तौ बुढ़ऊ हमसे झूठ बोलिन? मरत बेरिया?"

म्हणजे मरतेवेळी म्हातारा माझ्याशी खोटं बोलला? एवढंच तिला विचारायचं होतं. नाव, फलक, क्लब, तिला कशाचं काही नव्हतं. सरांनी याचा विचारच केला नव्हता, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. खरं सांगायला आले होते, आणि त्या खऱ्यानं तेराव्याच्या दिवशी मेलेला माणूस खोटा पडत होता.

"नहीं माई," सर म्हणाले. "उन्होंने झूठ नहीं बोला। मैंने उनसे कहा था कि चढ़ गया। उन्होंने मान लिया। झूठ मेरा था।"

मी धरलेली त्यांची बाही सोडली.

"तौ झूठे तुम हौ, साहेब।"

"हाँ माई। मैं।"

ती मागं टेकली. शेजारच्या बायकांना म्हणाली, "हम जानित रहे। बुढ़ऊ झूठ नाहीं बोलत रहें।" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मुलगा पंगतीत आला. सरांच्या पुढ्यातली वाढलेली पत्रावळ त्यानं उचलली आणि बाजूला कोपऱ्यात नेऊन ठेवली. कोणी त्याला अडवलं नाही.

मी उठून हात पुढं केला. सरांनी तो धरला नाही. गुडघ्यावर जोर देऊन दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा परत बसले, आणि सगळी पंगत बघत असताना तिसऱ्यांदा आपले आपण उठले. मग त्या बाईकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला आणि चपला शोधायला लागले.